नमुन्यातले तात्या

गरिबीवर संशोधन करणारं कुणीही तात्यांच्या ओट्यावर टेकलं की पहिला प्रश्न तात्याच विचारतात. "सात दिसांचं सांगू का तीस दिसांचं?"

कृषी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा असेल तर तो गडबडून मॅन्युअल उघडतो. तोवर तात्या तंबाखू मळून घेतात, आत हाक मारून "दोन कप, एक बिनसाखरेचा" असं फर्मावतात (बिनसाखरेचा त्यांचा स्वतःचा, मागच्या एका आरोग्य-पाहणीत साखर निघाली होती) आणि पोराला धीर देतात. "घाई न्हाई. कंचंबी सांगतो. सात दिसांचं इचारलंत तर तेल जास्ती निघतंय, तीस दिसांचं इचारलंत तर कमी. तुमच्या सायबाला कसं पायजे ते बगा."

याच मुद्द्यावर दिल्लीपासून प्रिन्स्टनपर्यंत वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण चाललं होतं. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्यापिण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, असा शेजारशेजारच्या रकान्यांत एकाच बैठकीत विचारला गेला. माणूस पहिलं उत्तर देतो आणि दुसरं त्याला जुळवून घेतो, एवढी साधी गोष्ट. मग गरिबी खरोखर घटली की रकान्यामुळे घटली, यावर अँगस डीटन यांच्यासारख्यांनी पानंच्या पानं खर्ची घातली आणि वादाचा जाडजूड ग्रंथ झाला. मुदत लहान केली की लोकांना जास्त आठवतं, खर्च वाढतो आणि कागदावरचे गरीब जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याआधीच्या प्रायोगिक फेऱ्यांत दिसून आलंच होतं. तात्यांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांनी फक्त उत्तरं दिलेली आहेत.

तात्यांचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, एवढंच सांगतो. नाव सांगणार नाही. उत्तरदात्याची ओळख गुप्त ठेवली जाईल, असं प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं, आणि उमेदीच्या वर्षांत प्रश्नावल्या घेऊन हिंडताना मी ते पान घरोघर वाचून दाखवलेलं आहे. तात्यांच्या पुढ्यात वाचायला लागलो की तेही माझ्याबरोबर ओठ हलवत. "आपण कोणत्याही क्षणी उत्तर देणं थांबवू शकता" या वाक्याशी आलो की मला थांबवून विचारत, "आजवर कुनी थांबवलंय का वो?"

"फारसं कुणी नाही, तात्या."

"तेच म्हनलं. मानूस दारात आल्यावर त्याला ऊठ म्हनायचं कसं?"

देशोदेशींच्या विद्यापीठांचा, बँकांचा आणि मंत्रालयांचा विकासविषयक डोलारा या एका संकोचावर उभा आहे, असं माझं मत आहे.

तात्यांसारखी माणसं कोरडवाहू पट्ट्यात काही अचानक उगवलेली नाहीत. १९७५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संस्थेने सहा गावं निवडली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा, आणि तेव्हाच्या आंध्रातली, आता तेलंगणात गेलेली, औरेपल्ले आणि डोकूर. दर गावातली चाळीस कुटुंबं घेतली. त्यांत दहा भूमिहीन मजुरांची आणि बाकीची लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची. एकेक शिकलेला तरुण गावातच बिऱ्हाड करून राहिला आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्या चाळीस घरांत जाऊन कुणी काय पेरलं, कुणाला किती मजुरी मिळाली, कुणी कुणाकडून काय उसनं आणलं, कुणाचा बैल विकला गेला, हे लिहून नेऊ लागला. सुमारे दहा वर्षं हे चाललं, मग खंड पडला, २००१ नंतर पुन्हा सुरू झालं. त्या नोंदींवर जगभर प्रबंधांमागून प्रबंध झाले. अमेरिकेत अर्थशास्त्राची डॉक्टरेट करणाऱ्या मुलाला सोलापूर नकाशावर दाखवता येणार नाही, पण शिरापूरचं नाव त्याने वाचलेलं असतं. मोहोळच्या एसटी स्टँडवर हे सांगून पाहा. लोक तुम्हाला उन्हाचा त्रास झाला असं समजून सावलीत बसवतील.

तात्यांचं गाव त्या सहांतलं की त्यांच्या शेजारचं, हेही नियमाप्रमाणे मी सांगत नाही. तात्या सांगत नाहीत ते वेगळ्या कारणाने. "म्या नमुना हाय," एवढंच ते नव्या माणसाला सांगतात. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

वय सत्तरीच्या पुढे. अंगात पैरण, धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. पण उन्हात जायचं असलं की कुठल्याशा पाणलोट प्रकल्पाची निळी टोपी, तिच्यावरची इंग्रजी अक्षरं आता निम्मी गेली आहेत. खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात सातबारा, रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्सा, बँकेचं पासबुक, विजेचं बिल आणि निरनिराळ्या संस्थांच्या साहेबांची व्हिजिटिंग कार्डं. प्रश्न विचारायच्या आधीच कागद बाहेर येतो. काकूंची मांडणी तर त्याहून बोलकी आहे. उत्तरं दिल्याबद्दल रोख पैसे सहसा देत नाहीत, म्हणून संशोधक जाताना काहीतरी वस्तू ठेवून जातात. "ह्यो डबा माती तपासायला आलेल्यांचा. ही परात पोरांची वजनं घेनाऱ्या बायांची. थर्मास त्या गोऱ्या बाईनं दिला, त्यात च्या गारच व्हतो." काकू हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. आहे ते सांगतात.

तात्यांच्या आठवणीतला सगळ्यात चांगला सर्व्हे म्हणजे नाण्याचा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हान्स बिन्सवांगर नावाच्या अर्थतज्ज्ञाने या कोरडवाहू गावांत शेतकऱ्यांना खऱ्या पैशांवर छापा-काटा खेळायला लावला. पर्याय असे: नाणं कसंही पडलं तरी ५० रुपये नक्की, किंवा छापा पडला तर थोडे कमी, काटा पडला तर बरेच जास्त, असं करत शेवटच्या पर्यायात एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला २००. त्या काळी एवढी रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईच्या पुढे जात होती. शेतकऱ्याला धोका पत्करायची किती तयारी आहे, हे मोजायचं होतं.

"सायेब पैसं वाटतोय म्हनून गाव गोळा," तात्या सांगतात. "काय झालं तरी पन्नास, ह्येबी घेतलं न्हाई अन् शून्याचंबी घेतलं न्हाई. मधलं घेतलं. सगळ्यांनीच मधलं घेतलं. पाटलांनी घेतलं तेच त्यांच्या गड्यानं घेतलं."

बिन्सवांगर यांचा निष्कर्ष नेमका हाच होता. रक्कम मोठी झाली की गरीब काय आणि जमीनदार काय, जवळजवळ सगळेच सारख्याच बेताने जपून चालतात. म्हणजे गरीब शेतकरी स्वभावाने भित्रा आहे म्हणून तो नवं बियाणं घेत नाही, खत टाकत नाही, विहीर खोदत नाही, ही समजूत फारशी टिकत नाही. काळीज सारखंच असतं, मग फरक कर्ज कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही यात शोधावा लागतो. १९८० साली हे छापून आलं. पुढे एका बँकेच्या शाखेत तात्या विहिरीच्या कर्जासाठी गेले तेव्हा साहेब म्हणाला, "तात्या, तुम्हा लोकांची रिस्क घ्यायची मानसिकताच नसते." तात्यांनी त्याला छापा-काटा खेळू या का असं विचारलं, असं ते सांगतात. विचारलं असेलही.

या अनुभवातून तात्यांना प्रश्नावलीची रचना शिकाऱ्याला रान कळावं तशी कळलेली आहे. कोणत्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की मागून पोटप्रश्नांचा कळप येतो, हे त्यांना पाठ आहे. "घरी शेळ्या-मेंढ्या आहेत का?" या प्रश्नाला ते शांतपणे "न्हाई" म्हणतात आणि त्याच वेळी ओट्याखाली बांधलेली शेळी ओरडते. प्रश्नकर्ता शेळीकडे पाहतो, तात्या प्रश्नकर्त्याकडे पाहतात. "हाय म्हनलं तर तिचं वय, इत किती, दूध किती, चारा कुठला, मागल्या साली कितीला मागितली, सगळं इचारनार. तुमालाबी पुढची घरं हायत." शेळी नोंदली जात नाही. "गेल्या तीस दिवसांत घरात कुणी आजारी पडलं होतं का?" "न्हाई," असं खोकत खोकत. एकाच घराला पुन्हा पुन्हा विचारत गेलं की उत्तरं हळूहळू आखूड होतात, ही गोष्ट पाहणीशास्त्राला चांगली ठाऊक आहे. त्याचा परिणाम असा, की आकड्यांत तात्यांचं कुटुंब वर्षागणिक निरोगी होत चाललेलं आहे.

हल्ली टॅब आले. टॅबला उत्तर पटलं नाही तर तो पुढे सरकत नाही. लाल अक्षरं येतात, पोरगा घामाघूम होतो. तात्या चष्मा लावून डोकावतात. "नव्व्याण्णव टाकून बग रं. मागला सोडत हुता."

खर्चाच्या प्रश्नांना मात्र तात्यांची सद्दी संपते. कुटुंबप्रमुख म्हणून उत्तरं तेच देतात, पण गोडेतेल महिन्याला किती, हे त्यांना दर वेळी दोन किलो वाटतं आणि आतून आवाज येतो, "चार." साखर? "तीन." आतून, "पाच. अन् तुमी बिनसाखरेचा पिता ते निस्तं पावन्यांम्होरं." घरगुती उपभोगखर्चाच्या नव्या पाहणीत, २०२२-२३ साली, वस्तूंची यादी ४०५ पर्यंत गेली आणि कुटुंबाला एकाऐवजी तीन भेटी द्यायच्या ठरल्या. एवढे तज्ज्ञ बसले होते, तर प्रमुखाला बाहेर पाठवून आधी काकूंना विचारा, अशी एक ओळ त्यांनी ठळक छापली असती तर देशाचा जिवंत आकडा हाती लागला असता.

ज्वारीवरून तर दर खेपेला चकमक झडते. घरची ज्वारी घरीच खाल्ली तरी ती खर्चात धरावी लागते, आणि तिला शेतावरच्या विक्रीचा भाव लावायचा असतो.

"घरचं खाल्ल्याचं पैसं कुनाला दिलं म्या?"

"दिले नाहीत, तात्या. पण धरायचे."

"मंग धरा. इकाय गेल्यावर ह्यो भाव गावंना, खाल्ल्यावर मातुर तुमी देता. समदीच खाऊन टाकतो आता."

तसाच घोळ कुटुंबाच्या व्याख्येचा. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असा नियम. तात्यांच्या घरात चुली दोन. थोरल्या सुनेने तीन वर्षांपूर्वी वेगळी मांडली. पण आमटी इकडून तिकडे जाते, भाकरी तिकडून इकडे येते, नातवंडं ज्या चुलीवर अंडं असेल तिथे जेवतात, आणि रेशनकार्डं तीन आहेत. "लिहा कायबी," तात्या म्हणतात, "पर सुनबाईला इचारू नका. ती तुमच्या कागदावर सही मागंल."

मध्यंतरी चिठ्ठीवाल्यांचा जमाना आला. काही गावांना योजना द्यायची, काहींना द्यायची नाही, कुणाला द्यायची ते सोडत काढून ठरवायचं आणि मग दोन्हींची तुलना करायची. या पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं. राजस्थानात उदयपूरकडच्या खेड्यांत सेवा मंदिर या संस्थेबरोबर त्यांच्या मंडळींनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: बाळाला लस टोचून आणली की दर खेपेला किलोभर डाळ, सगळ्या लशी पूर्ण झाल्या की ताटवाट्या. ज्या गावांत काहीच केलं नव्हतं तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के, नुसती नेमाने शिबिरं भरवली तिथे १८, आणि शिबिराला डाळीची जोड दिली तिथे ३९ टक्के. निष्कर्ष चांगला आहे, उपयोगी आहे, आणि त्याबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही. हे कुणीतरी तात्यांना सांगितलं, एवढंच वाईट झालं. कारण एका प्रयोगात तात्यांची वाडी 'तुलनेची वाडी' होती. म्हणजे तिला द्यायचं काहीच नाही, फक्त दर वर्षी येऊन प्रश्न विचारायचे.

"आमची वाडी डाळीत का न्हाई?"

"तात्या, सोडत काढली होती."

"सरपंचपदाच्या आरक्षनाची काढत्यात तशी?"

"अगदी तशी."

तात्या समजल्यासारखी मान हलवतात. "मंग कुनीतरी म्यानेज केली आसंल."

अर्थशास्त्रज्ञांना सगळ्यात जास्त आवडलेला विषय म्हणजे दुष्काळात ही माणसं तगतात कशी. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली इक्रिसॅटच्या त्याच नोंदींवरून दाखवलं, की एखाद्या घरचं पीक बुडालं तरी त्या घरचं खाणं त्या मानाने घटत नाही. ते गावाच्या एकूण परिस्थितीबरोबर वरखाली होतं. देणंघेणं, उसनवार, भावकी यांनी झीज भरून निघते. भूमिहीनांची मात्र तितकी निघत नाही. तात्यांना हे सिद्ध करावं लागतं याचंच नवल वाटलं. "माझं येकट्याचं बुडालं तर भावकी हाय. समद्या गावाचं बुडालं तर कोन हाय?" १९७२ साली सगळ्या गावाचं बुडालं होतं. तेव्हा तात्यांनी सरकारी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. मागेल त्याला काम देण्याची महाराष्ट्राची रोजगार हमी त्याच दुष्काळाच्या धगीतून पुढे कायद्यात आली, आणि २००५ साली देशाने ती उचलली. हा विषय निघाला की तात्या विनोद करत नाहीत, आणि उत्तरं आखूडही देत नाहीत.

दुसऱ्या एका प्रसिद्ध निबंधात, रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांच्या, असं आहे की हे शेतकरी मुली लांबलांबच्या गावांत देतात, कारण तिथे पाऊस वेगळा पडतो. इथे दुष्काळ असला तर तिथून मदत येऊ शकते. लग्न म्हणजे एका अर्थी विमा. मी हे तात्यांना सांगितलं त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. थोरली अकलूजच्या बाजूला बागायतदाराकडे दिलेली, धाकटी लातूरकडे. "पावसासाठी दिली म्हनता पोरगी? जावई चांगला हुता म्हनून दिली." काकू उंबऱ्यातून म्हणाल्या, "जावयाला कोन बगत हुतं? तुमी हिर बगायला गेला हुता. येताना पानी किती हाताव हाय ते सांगितलं, पोराचं नाव इसरला." त्या सबंध दुपारी तात्या पुढच्या प्रश्नांना फक्त 'हो' आणि 'नाही' एवढीच उत्तरं देत होते.

सहभागी पद्धतवाल्यांनी गावकऱ्यांना जमिनीवर रांगोळीने नकाशा काढून गरिबांच्या घरावर चिंचोके ठेवायला लावले, तो प्रसंग फारसा सांगण्यासारखा नाही. सगळ्यांनी स्वतःच्या घरावर ठेवले.

दारिद्र्यरेषेबद्दल मात्र तात्यांचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तेव्हा खेड्यात माणशी महिना १५ रुपये ही रेघ होती, १९६०-६१ च्या भावाने. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ती २०११-१२ साली खेड्यात ८१६ रुपये झाली. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ९७२ केली. जागतिक बँकेची रेघ १९९० साली दिवसाला एक डॉलर होती आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली (बाजारातला डॉलर नव्हे, क्रयशक्तीच्या हिशेबाचा). या शेवटच्या बदलाने जगातल्या अतिगरिबांचा आकडा सुमारे साडेबारा कोटींनी वाढला. त्या रात्री कुणाच्याही ताटातली भाकरी कमी झालेली नव्हती. "म्या हितंच बसलोय," तात्या ओट्यावर हात आपटून सांगतात. "कवा रेघंच्या वर आसतो, कवा खाली. उठलो न्हाई जागचा."

आणि २०१७-१८ ची पाहणी? तिच्यातही तात्या होते. सरकारने तिचा निकाल जाहीर करायचा नाही असं नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं. माहितीचा दर्जा बरा नाही असं कारण दिलं. पेपरात वाचून तात्या अस्वस्थ झाले. "दर्जा म्हंजे? माझी उत्तरं चुकली?" त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. चार दिवसांनी त्यांचा फोन. "ती शेळी लिवली नव्हती, त्याच्यानं तर न्हाई ना?"

असे हे तात्या मागच्या हिवाळ्यात धाकट्या मुलाकडे पुण्याला गेले. मुलगा बाणेरकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. तात्या दिवसभर त्याच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसत आणि आत जाणाऱ्या गाड्या मोजत. मोजण्याची सवय लागलेली. एके दिवशी गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, असा पोरगा उन्हातून आला. तात्यांनी लांबूनच ओळखलं. मुलाने त्याला अडवलं. फ्लॅटमध्ये इंटरकॉम लावला, पलीकडून "मीटिंगमध्ये आहे" आलं. दुसऱ्या फ्लॅटमधून "नंतर." तिसऱ्यातून काहीच आलं नाही. पोरगा पुन्हा दोनदा आला. दोन्ही वेळा तेच.

"सोड की त्याला," तात्या मुलाला म्हणाले.

"तात्या, कमिटीचा नियम हाय. सेल्समन आन् सर्व्हेवाले आत सोडायचे न्हाईत. माझी नोकरी जाईल."

मग तात्यांनी पोराला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सवयीने विचारलं, "सात दिसांचं का तीस?" पोरगा कसनुसा हसला. तात्यांना सगळं सांगता आलं असतं, पण त्याला हवा होता तो आतला माणूस, आणि तात्या तिथले नमुना नव्हते.

ही गोष्ट तात्यांनी मला सांगितली तेव्हा आम्ही एका जुन्या प्रश्नावर अडलो होतो. समोर दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. सगळ्यात वाईट आयुष्य खालच्या पायरीवर, सगळ्यात चांगलं दहाव्या. तुम्ही कुठे आहात? हा प्रश्न जगभर विचारतात. तात्यांनी तो आजवर नेहमी 'चार' म्हणून निकालात काढला होता. या वेळी ते म्हणाले, "दहाव्या पायरीव कोन बसलंय ते आदी सांगा. तेला तुमी कवा इचारलंय का?"

विचारायचा प्रयत्न होतो, पण आपल्या पाहण्यांना वरची पायरी नीट दिसत नाही हे खरं. २०२२-२३ च्या पाहणीत म्हणूनच शहरात दहा लाखांहून महाग गाडी असलेली कुटुंबं वेगळी काढून निवडायची युक्ती केली. तरी गाडी गेटच्या आत आणि टॅब गेटच्या बाहेर. उपभोगखर्चाच्या आकड्यांवरून आपली विषमता कमी कमी होताना दिसते: शहरी गिनी निर्देशांक २०११-१२ साली ०.३६३ होता, २०२३-२४ साली ०.२८४. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ साली, भारत हा जगातला चौथा सर्वांत समान देश आहे, असं सरकारी पत्रकही निघालं. उलट प्राप्तिकराच्या नोंदी आणि अब्जाधीशांच्या याद्या जोडून हिशेब करणारे थॉमस पिकेटी आणि त्यांचे सहकारी सांगतात, की २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एका टक्क्याकडे होता. त्यांच्या आकड्यांवरही वाद आहेत. पण एक बाजू खर्च मोजते आणि दुसरी मिळकत, हा फरक विसरून दोन्ही आकडे एकमेकांच्या डोक्यात घालण्यात अर्थ नाही. मी हे तात्यांना समजावून सांगायला लागलो तर ते म्हणाले, "सोपं हाय की. माझं जेवडं येतंय तेवडं जातंय. त्या दहा लाखाच्या गाडीवाल्याचं येतंय किती अन् जातंय किती, ते तुमी गेलेल्याव मोजता."

अर्थशास्त्राचा एक तास वाचला.

तेव्हा वाचकहो, तुमच्यातले बरेच जण अशा गेटच्या आत राहत असाल. कधी गळ्यात सरकारी ओळखपत्र अडकवलेला उन्हाने काळवंडलेला पोरगा आला, तर ओळखपत्र तपासून घ्या आणि इंटरकॉमवर 'सोड' म्हणा. दोन तास मोडतील. चहा द्या, साखर घालून. मिळकत आणि खर्च विचारले की कमी करून सांगू नका; तात्यांनी शेळी लपवली, तुम्ही फ्लॅट लपवू नका. आणि तेलाचा आकडा सांगण्याआधी आत विचारून या.